सोसण्याची सवय

आमच्या घरात दुखणे सांगण्याची पद्धत नाही. 'काही नाही रे, जरा ठणकतंय,' एवढ्यावर आईने आयुष्यभराची दुखणी निभावली. गेल्या दिवाळीत आम्ही साताऱ्याहून सांगलीला मामांकडे गेलो. वसुबारसेच्या पहाटे रांगोळी घालून उठताना ती अंगणात घसरली आणि खुब्याचे हाड मोडले.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावले. जांघेजवळून नसा जातात. पडद्यावर ती जागा पाहून तिथे सुईने बधिर करणारे औषध सोडायचे. दुखण्याची बरीचशी वार्ता वाटेतच अडते. मग अफूच्या जातीची औषधे कमी लागतात. त्यांनी म्हाताऱ्या माणसांना मळमळते, गुंगी येते, कधी भ्रमही होतो.

भ्रम मी पाहिला होता. दहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेनंतर वडील दोन दिवस मला, 'मास्तर, घंटा झाली का?' असे विचारीत होते. आपलाच मुलगा समोर बसला आहे, हे त्यांना तिसऱ्या दिवशी उमगले.

ही युक्ती तशी जुनी. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर केला. लगोलग अमेरिकेत हॅलस्टेड यांनी ते नसेजवळ टोचून पाहिले, स्वतःवरही प्रयोग केले आणि बिचारे व्यसनात सापडले. पुढे त्यांना मॉर्फिनही जडले. आता कोकेनऐवजी दुसरी औषधे वापरतात.

धनत्रयोदशीला शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी आई मामांना करंज्यांच्या सारणाची चौकशी करीत होती! डॉक्टरीणबाई बजावून गेल्या, "रात्री असर उतरेल. त्याआधीच गोळी घ्या."

रात्री दोनला पाहतो तो तिचे ओठ घट्ट मिटलेले, मुठीत चादर.

"दुखतंय?"

"काही नाही रे."

गोळी उशीखाली तशीच होती. मी सहसा रागावत नाही; त्या रात्री रागावलो. "अडलं तर विचारा, असं मी वर्गात पोरांना रोज सांगतो. आणि माझ्या आईला दुखलं तर सांगता येत नाही?"

ती कशीबशी हसली. "पाणी दे," म्हणाली. मग बाकावर बसल्याबसल्या झोपलेल्या वडिलांकडे पाहत हळूच, "ह्यांना मात्र सांगू नकोस हो!"

आता ती साताऱ्याच्या घरी काठी टेकीत अंगणात फिरते. परवा आपणहून म्हणाली, "गुडघा दुखतोय रे."

मला दिवाळी आल्यासारखे वाटले.