कबुलीजबाब

युरोपातला कायदेशीर छळ पुराव्याच्या एका कडक नियमातून उगवला, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. देहदंड द्यायचा तर दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीची स्वतःची कबुली. रात्रीच्या खुनाला दोन साक्षीदार कुठून आणणार? मग कबुली काढायची. पाचव्या चार्ल्सच्या १५३२ च्या संहितेत छळ केव्हा आणि किती संशयावर करावा हे कलमवार लिहिलेलं आहे. छळात दिलेली कबुली नंतर त्या खोलीबाहेर पुन्हा द्यावी लागे. फिरवली, तर माणूस परत त्याच खोलीत.

●

फ्रीडरिश श्पे, जर्मन जेझुइट. चेटकिणींच्या खटल्यांवर १६३१ मध्ये त्याने निनावी पुस्तक काढलं. मुद्दा सरळ होता : चेटकिणींचे होतात तसे हाल केले तर पाद्री आणि न्यायाधीशही चेटूक केल्याचं कबूल करतील. त्या काळात हे लिहायला छाती लागत होती.

●

आपल्याकडचं रवादिव्य. वतनाच्या भांडणात कागद आणि साक्षी अपुऱ्या पडल्या की दिव्य ठरे. उकळत्या तेला-तुपात धातूचा रवा टाकायचा, पक्षकाराने तो हाताने काढायचा. हात पिशवीत बांधून वर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर सोडून बघायचा. हात भाजलेला दिसला तर माणूस खोटा. इथे पक्षकार बरेचदा स्वतःच दिव्याला राजी होई, म्हणून याला छळाच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. पण खरं काय ते माणसाच्या कातडीला विचारायचं, ही श्रद्धा दोन्हीकडे तीच.

●

मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ चा आहे. तो वाचताना खून-दरोडे विसरायला होतं, कारण त्यात पानोपानी शेतसाऱ्याची थकबाकी आहे. रयतेकडून पैसे निघत नाहीत म्हणून तिला उन्हात वाकवून उभं करायचं, मान दोरीने पायाच्या अंगठ्यांकडे खेचून बांधायची, पाठीवर दगड ठेवायचा. ‘किट्टी’ म्हणजे एका टोकाला बांधलेल्या दोन काठ्या. त्यांत बोटं घालून आवळायची. साधन एवढं साधं, की ते कुठल्याही कचेरीच्या ओसरीवर सापडावं. तक्रार घेऊन लोक लांबलांबून आले. आयोगाने दोष देशी अंमलदारांवर ठेवला आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना मोकळं सोडलं. मला हा निवाडा मान्य नाही. सारा ठरवणारी ईस्ट इंडिया कंपनी, वसुलीची रक्कम खजिन्यात घेणारी कंपनी. ती रक्कम कशी निघाली हे न विचारण्यातही तिचाच हात होता.

●

पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला, मग १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून. या कायद्याचा कर्ता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने पुढे एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवलं आहे : उन्हातान्हात पुरावा हुडकत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून कुणाच्या डोळ्यांत मिरचीपूड चोळणं सोपं. छळाच्या कारणांत आळसाचं नाव घेणारं इतकं स्पष्ट वाक्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

त्या कायद्यात, २०२४ मध्ये तो बदलेपर्यंत, शेजारीच कलम २७ होतं. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या माहितीपुरतं बोलणं ग्राह्य. निवेदन पंचनाम्याची सगळी इमारत यावर उभी आहे, आणि थर्ड डिग्रीला आत यायला हीच फट पुरते.

●

महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधातला कायदा, आणला. त्याच्या कलम १८ ने अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांत पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. खटला मोक्काखाली चालला आणि २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, त्यांतला काही मजकूर एकसारखा आहे, असं न्यायालयाला दिसलं. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांच्या हातात एकोणीस वर्षांनी काय उरलं, हा प्रश्न मला त्या निकालाइतकाच छळतो. काढलेली कबुली त्यांचीही फसवणूक करते.

●

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याला मान्यता देणं अजून बाकी आहे.

●

डी. के. बसू प्रकरणातले सर्वोच्च न्यायालयाचे १९९६ चे निर्देश पाठ करून ठेवावेत असे आहेत. अटकेच्या मेमोवर तारीख, वेळ आणि साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. अटकेच्या वेळी अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंदही करायची, मात्र आरोपीने तशी मागणी केली तर. पहाटे घरातून उचललेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाने ही मागणी कशी करायची? ती नोंद मागणीवर न ठेवता सक्तीची करायला हवी होती.