एकाच घरातील दोन यंत्रे

वाचकहो, आपल्या घरात संगणक किती आहेत, हे मी विचारणार नाही. ते आता घरोघरच्या वाट्या-चमच्यांइतके सामान्य झाले आहेत. मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, ते एकमेकांशी बोलतात काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु त्याचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर माझी ही कहाणी आपल्या उपयोगी पडेल.

जबलपूरला नेपियर टाऊनमध्ये आमचे बिऱ्हाड आहे. माझ्या खोलीत विंडोजवर चालणारा जुना संगणक टेबलावर ठाण मांडून बसलेला असतो. पलीकडच्या खोलीत सूनबाईचा मॅक. ती घरी बसून पुस्तकांच्या मांडणीचे काम करते आणि त्या कामाला मॅकच तिच्या हाताचा आहे. दोन्ही खोल्यांच्या मधे नऊ इंची भिंत. पण या यंत्रातला मजकूर त्या यंत्रात न्यावयाचा, म्हणजे पेनड्राइव्ह काढावा, नातवाला हाक मारावी आणि त्या चिमुकल्या सांडणीस्वाराने तो पलीकडे पोचवावा, असा आमचा शिरस्ता होता. दोन वर्षे तो सुखेनैव चालला.

निवृत्तीनंतर मी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. त्या धामधुमीच्या काळात आमचे कोणी पूर्वज नागपुराहून नर्मदाकाठी येऊन राहिले, असे घरात सांगत असत. वडिलांच्या वहीत वंशावळ होती. पण ती सारी पुरुषांची. बायकांच्या जागी नुसते ‘पत्नी’ असे लिहिलेले. त्या कोण, कुठल्या, त्यांची माहेरची नावे काय, हे सांगू शकेल असे एकच माणूस उरले होते, ते म्हणजे माझी वडील बहीण, अक्का. तिचे वय तेव्हा शहाऐंशी होते.

अक्का तीन दुपारी माझ्या टेबलाशी बसली. तिने सतरा बायकांची माहेरची आणि सासरची नावे, गावे सांगितली आणि मी ती टंकली. पहिल्या दुपारी सहा नावे झाली. त्याच संध्याकाळी सूनबाईने जुनी छायाचित्रे बसविण्याकरिता फाइल मागितली, म्हणून तिची प्रत नातवाबरोबर पलीकडे गेली. पुढल्या दोन दुपारी मी माझ्या प्रतीत आणखी अकरा नावे घातली. नंतर सूनबाईकडून छायाचित्रांनी सजलेली फाइल परत आली. ती मी उतरवून घेतली आणि संगणक बंद केला.

पुढे तीन आठवड्यांनी अक्का गेली. तेराव्याला जमलेल्या मंडळींना तिने सांगितलेली नावे वाचून दाखवावीत, म्हणून मी फाइल उघडली, तो त्यात सहाच नावे! छायाचित्रे सुरेख बसली होती. अकरा बायका मात्र पुन्हा ‘पत्नी’ होऊन बसल्या होत्या.

वाचकहो, लिहावयास संकोच वाटतो, पण त्या वेळी माझ्या तोंडून जे गेले ते असे : “तुझ्या त्या मॅकने नावे खाल्ली!” सूनबाई काही बोलली नाही. त्यानंतर कित्येक दिवस ती कामापुरतेच बोलत होती, आणि मी तेवढेही बोलत नव्हतो.

आमचे शेजारी येथल्या दूरसंचार प्रशिक्षण संस्थेत शिकवून निवृत्त झाले आहेत. १९४२ सालापासून या संस्थेने तार व दूरध्वनी खात्याची माणसे तयार केली. एके सकाळी मी त्यांच्यापुढे माझे गाऱ्हाणे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, फाइलची तारीख पाहिली आणि एकच प्रश्न केला, “परत आलेली प्रत उतरवताना यंत्राने तुम्हांला काही विचारले होते का हो?”

विचारले होते. ‘याच नावाची फाइल येथे आहे, तिच्या जागी ही ठेवू काय?’ असे विचारले होते आणि मी न वाचता ‘होय’ म्हटले होते. अशी झाकली गेलेली फाइल कचऱ्याच्या पेटीतही सापडत नाही, हे मला तेव्हा कळले. मॅकने काही खाल्ले नव्हते. अक्काची अकरा नावे माझ्याच बोटाने पुसली होती.

“दोष दोन यंत्रांचा नाही,” शेजारी म्हणाले, “एका घरात एकाच फाइलच्या दोन प्रती हिंडत होत्या, हा दोष आहे. तुम्ही गोंदियाची गाडी विसरलात काय?”

ती गाडी मी कशी विसरेन? लहानपणी आजोळी नागपूरला जावयाचे, तर जबलपूरहून छोट्या गाडीत बसावयाचे. नैनपूर, बालाघाट करीत ती गोंदियाला पोचे. तिचे रूळ अवघे अडीच फूट रुंद, तर नागपूरकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीचे साडेपाच फूट. म्हणून गोंदियाला सारे सामान उतरवून पुन्हा चढवावे लागे आणि आई दर खेपेस नग मोजीत असे. याउलट, मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला एका कंपनीचा लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला दुसऱ्या कंपनीचा लोहमार्ग आमच्या जबलपूरला जोडले गेले. कंपन्या वेगळ्या, इंजिने वेगळी. पण रुळांची रुंदी एक. म्हणून मुंबई आणि कलकत्ता यांच्यामधला मार्ग अखंड झाला. छोट्या गाडीचे रूळही पुढे टप्प्याटप्प्याने उखडून तेथे रुंद मार्ग घालण्यात आला.

संगणकांचेही असेच आहे. मॅकिंतोश १९८४ साली जन्मला, विंडोज १९८५ साली. फाइलींची देवघेव करण्याची दोघांची रीत आरंभी निरनिराळी होती. आयबीएम कंपनीत १९८० नंतरच्या दशकात एसएमबी नावाची एक रीत तयार झाली. ती विंडोजने उचलली. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या तरुणाने त्या यंत्रांचे बोलणे बारकाईने न्याहाळून तीच रीत इतर यंत्रांनाही बोलता येईल असा कार्यक्रम लिहिला आणि ‘सांबा’ या नावाने सर्वांना खुला केला. पुढे २०१३ मध्ये मॅकनेही आपली जुनी रीत मागे ठेवून एसएमबीलाच पहिला मान दिला. म्हणजे रूळ केव्हाच एका रुंदीचे झाले होते. आम्हीच अजून नग उतरवीत आणि चढवीत बसलो होतो.

एका रविवारी मी सूनबाईच्या दाराशी गेलो. “चूक माझी होती,” एवढेच म्हणालो. ती म्हणाली, “बाबा, मला तारखेवरून तेव्हाच कळले होते. पण त्या दिवशी सांगणे बरे दिसले नसते.” मग आम्ही दोघे कामाला लागलो. ते काम कसे केले, हे आता क्रमाने सांगतो.

दोन्ही यंत्रे एकाच राउटरवर हवीत, ही पहिली अट. राउटर हा घरातला टपालवाला. तो प्रत्येक यंत्राला घरापुरता एक क्रमांक देतो. बहुधा त्याचा आरंभ १९२.१६८ असा असतो. तो क्रमांक बदलू शकतो, म्हणून यंत्राला सोपे नाव द्यावे आणि शक्यतो नावानेच हाक मारावी. हाकेला ओ मिळाली नाही, तर क्रमांक वापरावा.

नंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये घरच्या जोडणीला ‘प्रायव्हेट’ ठरवावे. ‘पब्लिक’ असेल, तर यंत्र आपल्याला धर्मशाळेत उतरलेला प्रवासी समजते आणि दार उघडत नाही. तेथेच नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग ही दोन कळसूत्रे चालू करावीत. मग जो फोल्डर सामाईक करावयाचा, त्याच्या प्रॉपर्टीज उघडून ‘शेअरिंग’मध्ये कोणाला प्रवेश आणि तो केवळ वाचण्याचा की लिहिण्याचाही, हे ठरवावे. सारी डिस्क खुली करू नये. आपणही पाहुण्याला दिवाणखान्यात बसवतो, तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या हाती देत नाही.

मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ या यादीत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ असे कलम आहे. तेथे रोमन लिपीत एसएमबी, पुढे विसर्गासारखी दोन टिंबे, दोन तिरक्या रेघा आणि विंडोजच्या यंत्राचे नाव लिहावयाचे. आम्ही लिहिले. यंत्राने नाव आणि पासवर्ड विचारला. मी माझा चार आकडी पिन दिला. तो नाकारला गेला. पुन्हा दिला, पुन्हा नकार. अर्धा तास आम्ही दाराशीच उभे होतो. शेवटी उलगडा झाला, तो असा की, पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. दुसऱ्या यंत्राकडून येणाऱ्याला खात्याचा पूर्ण पासवर्डच द्यावा लागतो. मग मी माझ्या यंत्रावर सूनबाईच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडले, तिला तिचा पासवर्ड ठरवू दिला आणि फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा दिली. तत्क्षणी माझा ‘कुलवृत्तांत’ तिच्या पडद्यावर उमटला.

उलट दिशेचे दार मॅकच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खालील ‘शेअरिंग’मध्ये आहे. तेथे फाइल शेअरिंग चालू करून त्याच्या पर्यायांत एसएमबीवर आणि ज्या खात्याने विंडोजकडून यावयाचे त्या खात्यावर खूण करावी लागते. ही दुसरी खूण पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

एक अडचण खास आपल्या लिपीची. माझ्या जुन्या फाइली एका जुन्या धाटणीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या. मॅकवर तो फॉन्ट नसल्याने तेथे रोमन अक्षरांची खिचडी दिसू लागली. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर दोन्हीकडे सारखाच दिसू लागला. आपल्याही संग्रही असे जुने लेखन असेल, तर ते आजच बदलून घ्यावे. मार्ग जोडला, तरी अक्षर एक नसेल, तर पत्र पोचूनही वाचता येत नाही.

आता दोन इशारे. एसएमबीची पहिली आवृत्ती चालू करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने तिच्यातल्याच उणिवेतून शिरून जगभरच्या यंत्रांना टाळे ठोकले होते. दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा. जोडणी म्हणजे जपणूक नव्हे. सामाईक फोल्डरमधली फाइल एकाने पुसली, तर ती दोघांचीही पुसली जाते. म्हणून दर रविवारी आम्ही त्या फोल्डरची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेतो, तीवर तारीख घालतो आणि डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवतो. आधीची प्रत पुसत नाही. शिवाय एकाने फाइल उघडली असता दुसऱ्याने तीत लिहू नये, हाही घरचा नियम आहे. त्यासाठी मात्र कोणतेही कळसूत्र लागत नाही. भिंतीपलीकडे हाक मारली की पुरते.

मॅक घ्यावा की विंडोज, हा वाद पुष्कळ घरांत ऐकू येतो. मीही तो हिरिरीने घातला आहे. पण ज्याला ज्याचा हात बसला, त्याने ते वापरावे. दोघांना जोडण्यासाठी कोणी आपला स्वभाव टाकावा लागत नाही. एक सामाईक रीत मान्य करावी, आपले दार आपण होऊन उघडावे आणि येणाऱ्याला त्याच्या नावाने आत घ्यावे, म्हणजे झाले.

अक्काची अकरा नावे परत आली नाहीत. नातेवाइकांना पत्रे लिहून, फोन करून त्यांतली चार मिळाली. उरलेल्या सात जागी मी ‘पत्नी’ हा शब्द काढून टाकला आहे आणि तेथे रिकामी रेघ ठेवली आहे. कोणाला ठाऊक असेल, तर त्याने भरावी.

परवा दुपारी ‘कुलवृत्तांत’ उघडला, तेव्हा शेवटच्या पानावर एक नवी ओळ दिसली. माझ्या मुलाच्या नावापुढे मी घाईत ‘पत्नी’ एवढेच लिहून ठेवले होते. तेथे आता सूनबाईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, तिच्या आईचे नाव आणि गाव, सारे नीट लिहिलेले होते. ते तिने पलीकडच्या खोलीतून लिहिले होते. मी फाइल न बदलता बंद केली आणि भिंतीपलीकडे हाक मारून म्हटले, “वाचले, हो.”