सावित्रीच्या काठावरून वाचलेली एक मद्ययादी

भडोचला कोणती वाईन खपते? सर्वांत आधी इटलीची. मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या व्यवसायबंधूंसाठी ही शिफारस लिहून ठेवली. तो इजिप्तमध्ये राहणारा होता. त्याचे नाव उरले नाही, पुस्तिका उरली. ती 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ओळखली जाते. भडोचला, म्हणजे त्याच्या भाषेत बारिगाझाला, काय न्यावे या यादीत वाईनचा क्रमांक पहिला आहे; तांबे, कथील, शिसे, पोवळे हे सारे नंतर येते. राजासाठी मात्र वेगळी नोंद आहे: चांदीची भांडी, गाणारे दास, सुंदर दासी, उंची वस्त्रे आणि उत्तम प्रतीची वाईन. बाजाराची वाईन निराळी आणि दरबाराची निराळी, हा भेद तेव्हाही होता.

या धाग्याचा विषय महाड-पोलादपूरचा परिसर आहे. मग भडोच कशासाठी? कारण हाच व्यापारी पुढे किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकतो. कल्याणविषयी तो सांगतो की तिथला व्यापार आता अडवला जातो आणि तिथे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या चढाओढीची ही झळ आहे. त्यानंतर स्थानिक बंदरांची नावे येतात: सेमिल्ला, मंदागोरा, पालाइपत्माइ आणि पुढची. सेमिल्ला म्हणजे चौल, यावर फारसा वाद नाही. पालाइपत्माइ म्हणजे महाडजवळचे पाले, असे मुंबई गॅझेटियरच्या काळातील अभ्यासकांनी सुचवले. १९१२ मध्ये पेरिप्लसचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणाऱ्या विल्फ्रेड शॉफ यांनी ते नाव दाभोळकडे नेले आणि मंदागोरा बाणकोटला ठेवले. बाणकोट सावित्रीच्या मुखाशी आहे, तर पाले त्याच नदीच्या वरच्या अंगाला, जिथवर भरतीच्या पाण्यावर गलबते येत. दोन्ही मते नामसाम्यावर उभी आहेत आणि नामसाम्य हा पुरावा नव्हे, सूचना आहे. समाजमाध्यमांवर नकाशात टाचणी टोचून 'रोमन लोक महाडला वाईन विकत' असे लिहिणे सोपे असते. पेरिप्लस तसे म्हणत नाही. या लहान बंदरांची तो केवळ नावे देतो. कुठे काय उतरते याची यादी देत नाही.

आता त्या तीन वाईनांकडे वळावे, कारण त्यांच्या चवीविषयी बरेच ठाऊक आहे.

इटलीची वाईन भारतात आली ती प्रामुख्याने 'ड्रेसेल २-४' या प्रकारच्या कुंभांतून. उंच, निमुळत्या बुडाचा, दोन उभे कान असलेला हा कुंभ म्हणजे अ‍ॅम्फोरा. रोमन मापाचा एक अ‍ॅम्फोरा सुमारे २६ लिटरचा. म्हणजे नुसत्या द्रवाचेच वजन पंचवीस किलोंच्या वर. व्हेसुव्हियसच्या परिसरात, कॅम्पानियात, घडवलेल्या कुंभांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू असते आणि त्यामुळे त्यांचे खापर ओळखू येते. त्याच कॅम्पानियाच्या उत्तर सीमेवर 'फालेर्नियन' पिकत असे. थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथाच्या चौदाव्या खंडात वाईनांची प्रतवारी लावली आहे. फालेर्नियनविषयी तो म्हणतो की ज्योत लावली असता पेट घेणारी ही एकच वाईन. भडोचच्या धक्क्यावर फालेर्नियन उतरे असा याचा अर्थ नाही. यादीत फक्त 'इटलीची' असे आहे आणि समुद्रपार जाणारा माल बहुधा मध्यम प्रतीचा असतो, हे आजच्या निर्यातीलाही लागू आहे.

चव कशी असेल? आजच्या बाटलीतल्या वाईनसारखी नक्कीच नाही. कुंभ झिरपू नये म्हणून आतून राळेचा लेप देत. त्या राळेचा वास वाईनमध्ये उतरे. ग्रीक बेटांवरच्या, विशेषतः कोसच्या, पद्धतीने काही वाईनांत समुद्राचे पाणी घालत. रोमन लेखक केटोने अशा वाईनची कृतीच दिली आहे. द्राक्षरस आटवून केलेला काकवीसारखा पाकही मिसळत. पिताना त्यात पाणी घालणे हा शिष्टाचार होता. निखळ पिणारा तो रानटी, अशी ग्रीकांची समजूत. राळ, मीठ, गोडी आणि पाणी असे हे पेय. आज कोणाला त्याच्या जवळपास जायचे असेल तर ग्रीसची 'रेट्सिना' चाखावी. पाइनच्या राळेची ती पांढरी वाईन अजून बनते. पहिल्या घोटाला औषधाची आठवण होते, पण खारट, भाजलेल्या मासळीबरोबर ती एकदम शहाणी होते.

लाओडिकिया म्हणजे सीरियातले आजचे लताकिया. भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की शहरामागचा डोंगर जवळजवळ माथ्यापर्यंत द्राक्षवेलींनी भरलेला होता आणि अलेक्झांड्रियाला बहुतेक वाईन तिथूनच जाई. पेरिप्लसचा लेखक इजिप्तचा. म्हणजे ही त्याच्या घरची, रोजची वाईन. तरी तिला त्याने इटलीनंतर ठेवले. अरबस्तानची वाईन शेवटी, एका शब्दात.

हे कुंभ घाट चढून वर गेले काय? गेले. प्रवरेच्या काठी, समुद्रापासून कितीतरी दूर असलेल्या नेवाशाच्या उत्खननात ड्रेसेल २-४ ची खापरे मिळाली. कोणत्या घाटाने ती गेली हे खापर सांगत नाही. सावित्रीच्या खोऱ्यातून वर जाणाऱ्या वाटा मात्र जुन्या आहेत: महाडहून वरंधा, पोलादपूरहून पार आणि आंबेनळी, पुढे वाई आणि कऱ्हाड. तरीही इथे एक सावधगिरी हवी. पश्चिम भारतात 'रोमन अ‍ॅम्फोरा' म्हणून नोंदवलेल्या खापरांची रोबर्टा टोंबर यांनी फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतली बरीच इराणी आखाताकडची निघाली. आतून डांबर लावलेले, बिनकानाचे, लांबोडके 'टॉर्पेडो' रांजण. काळही पुष्कळसा नंतरचा. म्हणजे वाईन आलीच, पण आपण समजत होतो त्याहून अधिक ती मेसोपोटेमिया आणि इराणकडून आली. रोमच्या नावाला जे वलय आहे ते बसऱ्याच्या दिशेला नाही; म्हणून ही दुरुस्ती अजून लोकप्रिय लेखनात पोहोचलेली नाही.

इथल्या लोकांना द्राक्षाची वाईन परकी नव्हती, दुर्मीळ होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि त्याचे दोन प्रकार प्रदेशावरून सांगितले आहेत: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी अफगाणिस्तानातली, पाणिनीने तिच्यावरून शब्द साधण्यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. वाईनला तिच्या गावाचे नाव देण्याची पद्धत फ्रेंचांनी आणली, असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद पाहावी.

आणि सोबत काय खावे? कामसूत्रातल्या नागरकाच्या पानगोष्ठीत मधु, मैरेय, सुरा, आसव यांच्या जोडीला नाना प्रकारचे खारट पदार्थ, फळे, हिरव्या भाज्या, कडू, तिखट आणि आंबट अशी तोंडीलावणी येतात. त्यांना शब्द आहे 'उपदंश'. आजच्या मराठीत तो शब्द एका रोगाचे नाव होऊन बसला आणि त्याची जागा चखण्याने घेतली. भाषेच्या इतिहासात असे अन्याय होतात. या यादीतले तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, आले. मिरची पोर्तुगीजांच्या नंतरची. तेव्हा लालभडक कालवणाशेजारी रोमन कुंभ ठेवून चित्र काढू नये. खाडीची भाजलेली मासळी, वर मिरपूड आणि मीठ, आमसुलाचा आंबटपणा आणि बाजूला पाणी घातलेली, राळेच्या वासाची पांढरी वाईन: पहिल्या शतकातला सावित्रीकाठ ताटात मांडायचाच असेल, तर इतपत कल्पना पुराव्याच्या कह्यात राहते.

पण सावित्रीकाठी त्या काळाचे जे लेखी शिल्लक आहे, त्यात वाईन नाही, पाणी आहे. महाडच्या अलीकडे महामार्गावरून दिसणारी गांधारपाले लेणी सुमारे तीस. त्यातल्या एका ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालिताचे दान नोंदले आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन्ही बाजूंना दोन पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. राजकुमाराच्या दानलेखात टाक्यांची संख्या मोजून लिहिली जाते, याचा अर्थ कोकणात पावसाळ्यानंतर डोंगरावर राहून पाहिलेल्यालाच नीट कळेल. भिक्खूंना मद्य वर्ज्य. तरी तिथेही तंटा झाला होताच: वैशालीच्या संगीतीत ज्या दहा गोष्टींवरून संघात वाद पेटला, त्यांतली एक 'जलोगी', म्हणजे अजून न आंबलेले पेय चालेल की नाही. सकाळची नीरा आणि दुपारची माडी यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वादाची बाजू समजावून सांगावी लागणार नाही.

त्यानंतर सोळा शतकांनी पुन्हा परदेशी जिभा या खोऱ्यात आल्या. मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन इंग्रजांचा वकील म्हणून पाचाडला पोहोचला तेव्हा शिवाजी महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते. (त्या वाटेवरच्या पोलादपुरात 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे.) इंग्रजांना रायगडावर खरी अडचण जेवणाची आली. डॉक्टर जॉन फ्रायर स्वतः गडावर नव्हता, पण १६९८ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने ही हकीकत दिली आहे: इथले आवडते अन्न म्हणजे तूप घातलेली डाळतांदळाची खिचडी, ती इंग्रजांना मानवेना, म्हणून त्यांच्यासाठी बोकडाच्या मांसाची सोय झाली. ते पुरवणारा म्हातारा खाटीक शेवटी गड चढून त्यांना पाहायला आला. इतकी वर्षे धंदा करून जेवढे मांस खपले नव्हते तेवढे या मूठभर माणसांनी फस्त केले, ती माणसे आहेत तरी कशी, हे त्याला बघायचे होते. ६ जूनच्या राज्याभिषेकाची वर्णने शेकड्यांनी वाचायला मिळतात. त्या म्हाताऱ्याचे गड चढणे मात्र एका परक्याने टिपले म्हणून उरले.

हाच फ्रायर गोव्याजवळच्या नेरूळच्या मद्याविषयी लिहितो आणि त्यापासून इंग्रज करतात त्या 'पंच'चे नाव पाच घटकांवरून पडले असे सांगतो. पुढे तो इराणला गेला आणि शिराझच्या वाईनची त्याने प्रशंसा केली. सुरतेच्या इंग्रज वखारीतही शिराझची वाईन येई. म्हणजे टॉर्पेडो रांजणांचा तोच आखाती रस्ता. आज नाशिकच्या बाटलीवर दिसणारे 'शिराझ' मात्र त्या शहराचे नव्हे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या डीएनए तपासणीत ती द्राक्षजात आग्नेय फ्रान्समधल्या दोन जातींचा संकर ठरली. बोकडाच्या रश्शाशी ती उत्तम जमते, मिऱ्याच्या वासामुळे. नाव चुकीचे असले तरी शिफारस चुकीची नाही.

महाडमध्ये चवीचे नाव धारण करणारी जागा एकच आहे: चवदार तळे. मुंबई कायदेमंडळाच्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ते अस्पृश्यांना खुले केले, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. त्यानंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. त्यांतल्या मिश्रणाची यादीही उपलब्ध आहे: शेण, गोमूत्र, दूध, दही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, दुसऱ्या परिषदेनंतर, आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह महाडजवळची बौद्ध लेणी पाहायला गेले, दोन पोढी मोजून लिहिणाऱ्या लेखाच्या परिसरात. तळ्यावरील हक्काचा दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आंबेडकरांच्या बाजूने निकालात काढला.