कूलरचा पत्रा आणि विमानाची शेपटी

फाल्गुन लागला की वाशिमच्या अकोला रस्त्यावर पत्रे ठोकण्याचा आवाज सुरू होतो. कूलर तयार होऊ लागतात. आमचा भाचा आयटीआयमध्ये पत्राकाम शिकला आणि अशाच एका दुकानात लागला. परंतु सोयरीकीच्या बैठकीत "मुलगा काय करतो?" असे कोणी विचारले की तो मान खाली घालायचा. म्हणून गेल्या डिसेंबरात मुंबईला जाताना आम्ही त्याला मुद्दाम सोबत नेले.

अकोल्याहून रात्रीची गाडी, सकाळी दादर, तेथून लोकलने कांदिवली. चारकोपच्या रस्त्यावर उभे राहून आम्ही त्याला इमारतींच्या गच्च्या दाखवल्या. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, बाकी काही नाही. पण याच वस्तीतील एका गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. इमारतीला लिफ्ट नव्हती. यंत्रे आणि इंजिनसुद्धा जिन्याने वर चढवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बांद्रा-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी झाली २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये आणि चाचणी उड्डाण झाले २०२० मध्ये, धुळ्याला. आम्ही पडलो कारकून. कागद किती सावकाश सरकतो, हे आम्हाला सांगायला नको!

भाचा बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, इमान बांधाले सुरुवात कुठून करत असतीन?"

घरी धातूचे विमान बांधणारे पुष्कळ जण शेपटीपासून सुरुवात करतात. भाग लहान असतो, चुकला तर थोडक्या पैशांत पुन्हा करता येतो. लांब पहारीने मोठा दगड हलतो, तशी मागची छोटी शेपटी सगळ्या विमानाचे नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवते. आत अॅल्युमिनियमच्या लांब पट्ट्या, त्यांना जोडलेल्या फासळ्या आणि वरून पातळ पत्रा. आधी भोके पाडून सर्व तात्पुरत्या पिनांनी जुळवायचे. मग पुन्हा सुटे करून प्रत्येक भोकाची खरखरीत कड घासायची, कारण चीर तेथूनच सुरू होते. नंतर गंज धरू नये म्हणून रंगाचा हात आणि शेवटी रिव्हेट. एकाने हवेचा हातोडा चालवायचा, दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. काम दोघांचे आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील व्हॅन्स कंपनीच्या संचांतून लोकांनी अशी ११,००० हून अधिक विमाने बांधून उडवली आहेत.

"म्हंजे रिपिटच मारतेत ना, मामा? आपल्यावानीच?"

"रिपिटच. पण केलेले प्रत्येक काम तारखेनिशी वहीत लिहून ठेवतात. तपासणारा ते पाहतो."

परतीच्या गाडीत तो फारसे बोलला नाही. यंदा फाल्गुनात आम्ही दुकानावर सहज डोकावलो. कूलरच्या पत्र्याला भोके पाडून झाली होती आणि तो एकेक कड कानशीने घासत बसला होता. मालक हसत म्हणाला, "साहेब, तुमच्या भाच्यानं वेळ लावला, पण यंदा एकाही गिऱ्हाइकाचा हात कापला नाही."

बाजूला शंभर पानी वही उघडी होती. पहिल्या पानावर तारीख, पत्र्याचे माप आणि खाली त्याची सही.