पहिला घास

आईच्या साड्या बहिणींनी वाटून घेतल्या, तेव्हा माझ्याकडे तिची हिरवी इरकल आली. घरी आणून घडी मोडली तर पदराला हिंगाचा वास. धुतलेली साडी, डांबराच्या गोळ्यांशेजारी वर्षानुवर्षं पडलेली, तरी हिंग टिकून. खरं तर रडू यायला हवं होतं. आला तो अण्णांचा राग.

आमच्याकडे हिंग फोडणीपेक्षा अण्णांच्या पोटासाठी जास्त खपायचा. वैद्यांनी एकदा 'अग्नी मंद आहे' असं सांगितलं आणि तो अग्नी घरात अग्निहोत्रासारखा सांभाळला जाऊ लागला. हिंगाष्टक घरीच व्हायचं. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं आणि सैंधव खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायचं, मग तुपात फुलवलेला हिंग. वाफाळता भात, त्यावर तूप, तुपावर चिमूटभर हे चूर्ण. अण्णांनी तो पहिला घास गिळेपर्यंत आम्ही भावंडं हात आवरून बसायचो. जेवणाआधी त्यांना मीठ लावलेला आल्याचा तुकडा, दुपारी जिरेपूड घातलेलं ताक, रात्री मुगाचं वरण आणि दुधी किंवा पडवळ. रात्री दह्याचं नावही नाही. दिवेलागणीनंतर तासाभरात जेवण उरकायचं, मग शतपावली. लग्नाच्या पंगती उशिरा बसतात म्हणून आम्ही कितीतरी लग्नांना अक्षता टाकून उपाशी परत आलो.

गुण आला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. अर्धं पोट अन्नाला, पाव पाण्याला आणि पाव मोकळं, हे वाग्भटाचं माप अण्णांनी काटेकोर पाळलं. आधीचं पचल्याशिवाय ते पुढचं खात नसत. ऐंशी ओलांडून गेले, तेही पोटाच्या तक्रारीने नव्हे.

मला पुन्हा पुन्हा आठवते ती मात्र दुपारी अडीचची आई. ओट्याशी उभी, हातात ताटली, गार भात, त्यावर पातेल्याच्या तळाचं ताक. जेवता जेवता मधेच कुणी हाक मारली की ताटली झाकून जायची. खलबत्त्याला लागलेलं चूर्ण ती बोटाने पुसून चाटायची आणि बोट पदराला पुसायची. तिला करपट ढेकर यायचे, पोट फुगायचं. ती ओवा चावायची. तिला कुणी वैद्यांकडे नेलं नाही.

हिंग आपल्याकडचा नाहीच. इराण-अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरांत बडीशेपेच्या कुळातलं एक झाड असतं. ते काही वर्षांचं झालं की मुळाला चिरा देतात, गळणारा चीक वाळवतात, तो हिंग. शुद्ध हिंग सोसवत नाही, म्हणून मैदा आणि डिंक मिसळून त्याचा बांधानी हिंग करतात. चरकसंहितेत या परदेशी चिकाला मोठा मान आहे: भूक चेतवणारा, वात खाली आणणारा. आणि आपल्या मातीत त्याचं रोप मुद्दाम लावलं गेलं ते 15 ऑक्टोबर 2020 रोजी, हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावी. पालमपूरच्या संशोधन संस्थेने लावलं. ही बातमी मी आईला वाचून दाखवली होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता स्वस्त होईल का?"

त्याच चरकसंहितेत, विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात, कसं जेवावं तेही सांगितलंय. गरम खावं, स्निग्ध खावं, मापात खावं. मनाजोगत्या जागी बसून, घाई न करता आणि रेंगाळतही न राहता, बोलणं-हसणं टाळून, अन्नात मन ठेवून. अण्णा हे आम्हाला मोठ्याने समजावून सांगायचे आणि आई तेव्हा आत पोळ्या लाटत असायची. पुरुषाच्या पथ्याला घरात तपश्चर्येचा मान मिळतो. ते रांधणारीच्या जेवणाची वेळ कुठल्या शास्त्रात धरलेली असते, हे मला अण्णांना विचारायचं होतं.

गेल्या वर्षी माझंही पोट बिघडलं. जेवलं की जडपणा, संध्याकाळपर्यंत फुगारा. वैद्यबाई तरुण होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. जीभ पाहिली, नाडी पाहिली, तेच हिंगाष्टक लिहून दिलं, कोमट पाणी सांगितलं, दुपारची झोप बंद केली. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घरात स्वयंपाक कोण करतं? आणि ती व्यक्ती जेवते केव्हा?" आमच्या दोन पिढ्यांत हा प्रश्न कुठल्याही वैद्याने विचारल्याचं मला आठवत नाही. मला उत्तर द्यायला बराच वेळ लागला.

आता साडेबाराला कुकर उतरला की मी पाट मांडते, पहिल्या वाफेचा भात घेते, तूप-हिंगाष्टक घालते आणि बसून जेवते. बाकीच्यांची पानं नंतर. फुगारा बराच कमी झालाय. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.