बुंदीची लस

पुणे

ती. सौ. मावशीस,


काल फोनवर तू तुमच्या पोमेरेनियन पिल्लाबद्दल, बुंदीबद्दल म्हणालीस, "दोन किलोसुद्धा भरत नाही गं ती. एवढ्याशा जिवाला कशाला टोचायचं? ओट्याखाली तरी कुठे उतरते?" तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

बुंदी उतरत नाही, पण काका रोज मंगळबाजारातून येतात ना? पार्वोचा विषाणू चपलेला चिकटून घरात येतो, महिनोन्‌महिने टिकतो, नुसत्या फिनेलने मरत नाही. पिल्लू आधी खाणं सोडतं, मग उलट्या, मग रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब. मोठं कुत्रं थोडे दिवस तरी झुंजतं. पोमेरेनियनच्या पिल्लाच्या अंगातलं पाणी आणि साखर बघता बघता उतरते. जीव लहान आहे म्हणूनच लस टाळायची नाही, मावशी.

दुसरा रोग डिस्टेंपर, तो तर तुमच्या गुजरातने पाहिलाय. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये थोड्या दिवसांत 23 सिंह गेले. त्यांतल्या काहींमध्ये कुत्र्यांच्या याच रोगाचा विषाणू आमच्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत सापडला आणि उरलेल्या सिंहांसाठी अमेरिकेहून लस आणावी लागली. जंगलच्या राजाची ही गत, मग बुंदीचं काय! शिवाय ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी तुमच्या शहरात शिरली होती, आठवतंय ना? अशा पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो हा रोग पसरतो, आणि तो कुत्र्यांकडून माणसांनाही होऊ शकतो. पार्वो-डिस्टेंपरच्या एकत्रित लशीत त्याचाही डोस आहे का, ते डॉक्टरांना विचार.

तुझी भीती खोटी नाही. डोस ग्रेट डेनला जेवढा, तेवढाच बुंदीला, कारण लस वजनावर नसते. शरीराला शत्रूची ओळख करून द्यायला ठरावीक मात्रा लागतेच. लहान कुत्र्यांना त्रास थोडा जास्त होतो, हे खरं. अमेरिकेत बारा लाखांवर कुत्र्यांची पाहणी झाली, 2005 साली छापून आली. दर दहा हजारांत साधारण 38 कुत्र्यांना टोचल्यावर तीन दिवसांत काही त्रास झाला. एका भेटीत जितक्या सुया जास्त, तितका तो वाढला, लहान कुत्र्यांत अधिकच. तेव्हा रेबीजची सुई वेगळ्या दिवशी मागून घे आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बस. तोंड सुजलं, उलटी झाली, तर डॉक्टर समोरच असतील.

एकत्रित लशीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे, सोळा आठवड्यांपर्यंत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती आधीच्या लशीला अडवते, म्हणून एकावर थांबायचं नाही. रेबीजचा डोस तीन महिन्यांच्या वयानंतर, मग दरवर्षी. तो टाळायचा विचारही करू नकोस. लक्षणं दिसल्यावर रेबीजला औषध नाही, आणि छोट्या ओवीचे गाल बुंदी दिवसभर चाटत असते.

कुपीतली कोरडी वडी पातळ औषधात तिथल्या तिथे मिसळताना बघ, कुपी फ्रीजमधूनच निघाली ना तेही बघ. बुंदीला टोपलीतून ने, दवाखान्याच्या फरशीवर ठेवू नकोस. तिथे आजारी कुत्री येतात. कुपीवरचं लेबल पुस्तिकेत चिकटवून घे आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.

काकांना नमस्कार, ओवीला पापा.

तुझी,
मीनू