चिमटीतला टेंडन

रेसच्या घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांसल स्नायू नसतोच. नळीचं हाड, त्यामागे टेंडन, वर कातडी, संपलं. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर भरधाव सुटतं, तेव्हा क्षणभर सगळा भार एकाच पायावर येतो आणि मागच्या बाजूचा वरचा टेंडन तुटायच्या बेतापर्यंत ताणला जातो. ताणणं-सैलावणं यात तो आतून तापतोही, गाभ्यात पार ४५ अंशांपर्यंत. म्हणून इजा बरेचदा गाभ्यात होते, आणि बाहेर दिसते ती जराशी सूज आणि ऊब.

ही ऊब हातानं शोधायची. माझगावहून पहाटे स्कूटरवर भायखळ्याचा पूल, सात रस्ता करत महालक्ष्मी गाठली की माझं पहिलं काम हेच. घोड्यांवर पाणी पडायच्या आधी, फिरायला काढायच्या आधी. पाय उचलून गुडघ्यात दुमडला की टेंडन सैल पडतो. तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली सरकत यायचं. निरोगी टेंडनच्या कडा स्पष्ट लागतात. दुखावलेला गुबगुबीत लागतो, आणि चिमटी नेमक्या जागी आली की घोडं पाय ओढून घेतं. मग दुसरा पाय, तसाच. ताडून बघायचं ते त्याच जनावराच्या दुसऱ्या पायाशी.

जानेवारीत चार वर्षांची होणारी एक घोडी होती. डिसेंबरात तिचा डावा पाय चिमटीत गुबगुबीत लागला. मोतद्दार मामांना आदल्या रात्रीच शंका आली होती. "डॉक्टरसाहेब, चंदी अर्धी टाकली तिनं. डावा टेकवते, पण मनापासून नाही." सोनोग्राफीत टेंडनच्या मधोमध काळा डाग दिसला. इंडियन डर्बी फेब्रुवारीत, आणि ती चार वर्षांच्याच घोड्यांची. म्हणजे तिची डर्बी गेली ती कायमची.

पहिले दिवस सोपे असतात. गार पाणी, बर्फ, कापसाचा जाड थर देऊन बँडेज, ठाणावर विश्रांती, दाणा कमी. बँडेज मात्र कुणाच्याही हाती देऊ नये. एका जागी आवळलं गेलं तर त्या दाबानंच टेंडन सुजतो. आणि चांगल्या पायालाही बांधायचं, कारण दुखऱ्याचा भार तोच सोसत असतो.

खरं घोडं अडतं ते दोन-तीन महिन्यांनी. सूज उतरलेली, लंगडणं गेलेलं, घोडी ठाणावर नाचतेय. बघणाऱ्याला वाटतं, झाली बरी. आत तेव्हा नुसतं रफू झालेलं असतं: नवे धागे आडवेतिडवे, मूळच्यापेक्षा ताठर. अशा कापडाला ओढ दिली की रफू टिकतं, शेजारचं कापड फाटतं. त्या धाग्यांना सरळ लागायला रोज बेताचा ताण हवा, म्हणून नुसतं बांधून ठेवूनही भागत नाही. आधी हातात धरून चालवणं, दर थोड्या दिवसांनी काही मिनिटं वाढवत, मग दुलकी, चौखूर धावणं पुष्कळ नंतर. रेसला परतायला नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. एवढं करूनही पुन्हा दुखावणारे घोडे थोडेथोडके नाहीत. स्टेम सेलची, रक्तातल्या प्लेटलेट्सची इंजेक्शनं आता मिळतात. मीही देतो, पण त्यांनी कॅलेंडर फारसं आखडत नाही, हे मालकाला आधीच सांगतो.

१८८३ साली महालक्ष्मीचं मैदान सुरू होण्याआधी रेसा आमच्या शेजारी, भायखळ्याला व्हायच्या. त्या जमान्यात अशा पायाला तापल्या लोखंडाचे डाग देत, आणि ही रीत पुढेही कितीतरी वर्षं चालली. १९८३ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की डागण्यानं टेंडन सुधारत नाही. मला वाटतं, गुण यायचा तो डागल्यानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीचा. भाजलेल्या पायाच्या घोड्यावर बसायची घाई कोण करणार?

एप्रिल सरता सरता, मुंबईचा सीझन आटोपताना, घोडीचे मालक शेठ तबेल्यात आले. "पळायला बघते की हो! जुलैत पुण्याला उतरवू. घोडामैदान जवळच आहे." मी ताजा स्कॅन पुढे धरला. काळा डाग करडा झाला होता, पण धागे अजून विस्कटलेलेच होते. पुण्याचा सीझन सोडा, म्हटलं. नाहीतर सरळ स्टड फार्मला पाठवा, रक्त चांगलं आहे. शेठना दोन्ही पटेना. दर महिन्याचं तबेल्याचं बिल त्यांना भरायचं, त्यामुळे त्यांचा वैताग मला समजतो. अखेर जूनच्या स्कॅनपर्यंत तिच्या पाठीवर कुणी बसणार नाही, एवढं ठरलं.

शेठ गेल्यावर मामांनी विचारलं, "हातात धरून जरा दुलकी चालेल का?"

"चालेल," म्हटलं, "पाच मिनिटं. वाळूत नको. सपाट, कडक जमिनीवर, आणि वळण मोठं घ्या."